शिरपामाळ आणि एकगठ्ठा मतांची दंतकथा

निवडणुका जाहीर झाल्या की महाराष्ट्रात दोन समाजांविषयी ठरावीक वाक्ये कानावर पडू लागतात. मुसलमानांची मते मशिदीतून ठरतात, असे एक वाक्य. आदिवासींची मते बाटलीवर आणि नोटेवर ठरतात, हे दुसरे. दोन्ही वाक्यांचा मथितार्थ एकच असतो. हे लोक स्वतःच्या डोक्याने विचार करीत नाहीत. त्यांचा गठ्ठा कुणीतरी बांधतो आणि कुणाच्या तरी ओट्यात टाकतो. आपण पहिले वाक्य ऐकून दुखावतो. पण दुसरे वाक्य ऐकल्यावर आपल्यापैकी किती जणांना तितकेच दुखते? कित्येकदा तर आपणही ते सहज बोलून जातो.

या दंतकथेची परीक्षा एखाद्या ठिकाणाच्या इतिहासावर घेऊन पाहावी, म्हणून हा लेख. ठिकाण जव्हार-मोखाडा. पालघर जिल्ह्यातले डोंगराळ, भरपूर पावसाचे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे हे दोन तालुके. दर दहा माणसांपैकी नऊ आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. जव्हार गावात थोडी मुस्लिम वस्ती आहे. इथल्या मताचा सत्तर वर्षांचा प्रवास तपासला, तर गठ्ठा कुठेच सापडत नाही. जे सापडते ते वेगळेच आहे.

शिरपेच कुणाचा?

जव्हार गावाच्या कडेला शिरपामाळ नावाचे पठार आहे. लोकपरंपरा अशी, की शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले असताना १६६३ साल सरता सरता इथे थांबले. जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे गेले आणि या भेटीत शिरपेच देऊन मानसन्मान झाला. त्या शिरपेचावरून या जागेला शिरपामाळ म्हणू लागले. पुढे जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. पण शाळेत न शिकवलेला भाग असा, की ज्या जव्हारने वाट दिली त्याच जव्हारवर १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी ताबा मिळवला.

विक्रमशहा हे मुकणे घराण्यातले. हे घराणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी हे राज्य उभे केले. त्यांचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि ५ जून १३४३ या दिवसापासून जव्हारमध्ये स्वतंत्र शक मोजला जाऊ लागला, असे गॅझेटिअर सांगते. राजांच्या नावापुढचे 'शहा' हे उपपद त्या संबंधाची आठवण देते. म्हणजे दिल्लीच्या मुसलमान सुलतानाने मान्य केलेले, शिवाजी महाराजांना सामोरे गेलेले आणि पुढे इंग्रजांच्या छत्राखाली टिकून राहिलेले हे आदिवासी राज्य. त्याच जव्हारमध्ये चिश्ती परंपरेतल्या पीर सदरुद्दीन यांचा दर्गा आहे, तिथे उरूस भरतो, आणि याच मुलखात देवादिकांचे मुखवटे घालून बोहाडाही नाचतो.

लहान राज्याला टिकायचे असेल, तर बलवानाशी जुळवून घ्यावे लागते. जव्हारच्या राजांनी सहाशे वर्षे तेच केले. त्याला कुणी फितुरी म्हटले नाही, मुत्सद्देगिरी म्हटले. राजाच्या रयतेला मताचा अधिकार मिळाल्यावर तिने हेच केले, तेव्हा मात्र तिला 'विकली गेलेली' म्हटले गेले. शब्दांतला हा फरक लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मत मिळाले तेव्हा

स्वातंत्र्यापूर्वी जव्हार आणि मोखाडा हे शेजारी दोन वेगळ्या राजवटींत होते. जव्हार संस्थानात, तर मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. १९३५ च्या कायद्याने मोखाडा, डहाणू, शहापूर, उंबरगाव हा पट्टा 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरवला. 'वगळलेले' हा शब्दच बोलका आहे. त्या काळात मताचा अधिकार जमीन, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्याची जमीन सावकाराने गिळली आणि ज्याने शाळा पाहिली नाही, त्या वारल्याला मत कुठून असणार? सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या सरकारी अहवालात या भागातील वेठबिगारीचे आणि सावकारी जुलमाचे वर्णन केले. सरकारच्या दप्तरात माणसाचे हाल नोंदले गेले, पण त्या माणसाचे मत कुठे नोंदण्याची सोय नव्हती.

त्याच काळात मुसलमानांना मात्र १९०९ पासून स्वतंत्र मतदारसंघ होते. घटना परिषदेत हे दोन धागे एकमेकांजवळ आले आणि दोन दिशांना गेले. ऑगस्ट १९४७ मध्ये घटना परिषदेने स्वतंत्र मतदारसंघ नाकारले, पण संयुक्त मतदारसंघात मुसलमानांसाठी राखीव जागा मान्य केल्या होत्या. मे १९४९ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्याची शिफारस केली आणि घटना परिषदेने ती स्वीकारली. बेगम ऐजाझ रसूल यांनी राखीव जागा सोडण्याच्या बाजूने भूमिका घेतली. मद्रासच्या मुहम्मद इस्माईल साहेबांनी विरोध केला. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा कायम राहिल्या. त्या सुरुवातीला दहा वर्षांसाठी होत्या; मुदत वाढत वाढत आता २०३० पर्यंत आहे.

म्हणजे आदिवासीला आपला माणूस पाठवण्याची हमी मिळाली आणि मुसलमानाला सर्वांच्या सदिच्छेवर विसंबावे लागले. कुणाचे बरे झाले? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. जव्हार-मोखाड्याचा पुढचा इतिहास पाहिला, की ते तितके सोपे राहत नाही.

राजा आणि लाल बावटा

१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मोखाड्याचा कूळ आणि जव्हारचा प्रजाजन एकाच रांगेत उभे राहिले. ठाण्याचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जमातींसाठी. पहिल्या खेपेस काँग्रेस जिंकली. ज्या पक्षाने स्वराज्य आणले त्याला मत, हा देशभराचाच कौल होता.

पाच वर्षांनी चित्र उलटले. १९५७ मध्ये ठाण्यातून दोन्ही जागांवर कम्युनिस्ट निवडून आले: श्यामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा. संयुक्त महाराष्ट्राची लाट होतीच. पण त्या आधी बारा वर्षांचे काम होते. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. वेठ बंद, लग्नगडी पद्धत बंद, मजुरी रोख. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. तलवाडा आजच्या विक्रमगड तालुक्यात, जव्हारपासून फार लांब नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकिकत लिहिली. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९५७ चे लाल मत हे गोळी झेलून मिळवलेल्या मजुरीचे मत होते. बाटलीने ते मिळाले नव्हते.

मग १९६२ मध्ये काय झाले? दोन सदस्यांचे मतदारसंघ मोडले गेले. भिवंडी राखीव मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे लोकसभेत गेले. १९६७ मध्ये डहाणू मतदारसंघातून पुन्हा तेच. राजाच राखीव जागेवर! देशात कित्येक संस्थानिक निवडणुकीत उतरले, पण आदिवासी म्हणून राखीव जागा लढवू शकणारा राजा विरळा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात सेवा केलेला हा माणूस वारली आणि कातकरी यांच्या बरोबरीने 'अनुसूचित जमाती'च्या यादीत होता. कायद्याच्या दृष्टीने दोघे समान. गावाच्या दृष्टीने एक राजवाड्यातला, दुसरा कुडाच्या झोपडीतला. राखीव जागा समाजाला मिळते, पण ती त्या समाजातल्या कुणाला मिळते हा प्रश्न तिथेच उभा राहिला. आपल्या समाजातही अश्रफ आणि पसमांदा यांच्यात हाच प्रश्न आज विचारला जातो.

लाल मत देणाऱ्या मुलखाने पाच वर्षांत राजाला मत दिले, याला 'गोंधळलेला मतदार' म्हणणे सोपे आहे. पण तलासरी-डहाणूचा पट्टा आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगर यांत फरक आहे. सावकार-जमीनदारांचे मोठे साम्राज्य खालच्या पट्ट्यात होते. लाल बावटा तिथे रुजला. वर डोंगरात वरकस जमीन, नाचणी-वरई, जंगल खात्याचा राखणदार आणि दूरवरचा राजवाडा. शत्रू वेगळा, म्हणून मतही वेगळे. १९७७ च्या जनता लाटेत डहाणूतून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रातून या पक्षाचे तीन खासदार होते, त्यातले ते एक. १९८० पासून १९९१ पर्यंत सलग काँग्रेसचे दामोदर शिंगडा. आणि जव्हारची विधानसभेची जागा २००४ मध्येही मार्क्सवादी पक्षाच्या राजाराम ओझरे यांच्याकडे गेली. लोकसभेला एक, विधानसभेला दुसरा, असे मत देणारा मतदार दोन निवडणुकांतला फरक ओळखत होता, एवढे तरी मान्य करायला हवे.

कमळ कसे उगवले

१९९६ मध्ये डहाणू लोकसभा मतदारसंघातून पहिल्यांदा भाजप जिंकला. चिंतामण वनगा खासदार झाले. तलासरी भागात संघपरिवाराने साठच्या दशकाच्या अखेरीपासून वसतिगृहे आणि शाळा चालवल्या होत्या. तिथे राहून शिकलेली मुले पुढे शिक्षक, वकील, कार्यकर्ते झाली. धर्माचा प्रचार त्यात होताच, ते लपवण्याचे कारण नाही. पण पोराला दोन वेळचे जेवण आणि पाटी-पेन्सिल कुणी दिली, हे आई-बाप विसरत नाहीत. ज्यांना हा बदल खटकतो, त्यांनी हेही विचारावे, की त्या वीस-तीस वर्षांत सरकारच्या आश्रमशाळांची अवस्था काय होती, आणि इतरांनी किती वसतिगृहे काढली.

त्यातच १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी इथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर मुले भुकेने आणि आजाराने दगावत होती. मंत्र्यांचे दौरे झाले, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले, योजना आल्या. सत्तेत काँग्रेस होती. त्यानंतरच्या लोकसभेला पारडे फिरले. केवळ बालमृत्यूंमुळे फिरले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. देशभर वारे बदलत होते. पण ज्या घरातले मूल गेले त्या घराने जुन्या राज्यकर्त्यांकडे पाठ फिरवली असेल, तर तो त्यांचा हक्कच होता.

१९९८ मध्ये काँग्रेसचे शंकर नम, १९९९ मध्ये पुन्हा वनगा, २००४ मध्ये पुन्हा शिंगडा. सहा वर्षांत तीन वेळा भाकरी फिरवली गेली. याला गठ्ठा कसे म्हणायचे?

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ मध्ये जव्हारची विधानसभेची जागा संपली आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड व आसपासचा काही भाग मिळून विक्रमगड मतदारसंघ झाला. २००९ मध्ये तिथे वनगा, २०१४ मध्ये विष्णू सवरा, दोघेही भाजपचे. सवरा राज्याचे आदिवासी विकास मंत्री झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय जव्हारला व्हावे ही डोंगराची मागणी मागे पडली आणि ते पालघरला गेले. राज्याचा आदिवासी विकास मंत्री आपल्याच मतदारसंघाचा आमदार, यापेक्षा अधिक काय हवे होते? पण २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील खोच इथे कुपोषणाने मूल दगावले. मंत्री सांत्वनाला गेले तेव्हा त्यांना लोकांचा संताप सोसावा लागला.

२०१९ मध्ये विक्रमगडमधून त्यांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा उभे राहिले. राज्यात भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण विक्रमगडने राष्ट्रवादीचे सुनील भुसारा यांना ८८,४२५ मते दिली आणि सवरांना ६७,०२६. फरक २१,३९९. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, तेच भुसारा ४१,४०८ मतांनी हरले आणि भाजपचे हरिश्चंद्र भोये निवडून आले. त्याच वर्षी हेमंत सवरा पालघरचे खासदार झाले. सत्ताधारी बदलतो, मत बदलते, पुन्हा बदलते. पाच वर्षांची हजेरी घेणारा मतदार असाच वागतो.

निष्ठा कुणी बदलली?

या मुलखाला चंचल ठरवण्याआधी नेत्यांची यादी वाचावी. चिंतामण वनगा जानेवारी २०१८ मध्ये वारले. मे महिन्यात पालघर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजपच्या खासदाराचा मुलगा श्रीनिवास वनगा शिवसेनेचा उमेदवार झाला, आणि काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित भाजपचे. गावितांना २,७२,७८२ मते पडली, वनगांना २,४३,२१०, बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांना २,२२,८३८, मार्क्सवादी किरण गहला यांना ७१,८८७ आणि काँग्रेसच्या शिंगडांना ४७,७१४. पाच वाटांनी फुटलेले मत! २०१९ मध्ये जागावाटपात पालघर शिवसेनेकडे गेले, तर तेच गावित धनुष्यबाणावर उभे राहिले आणि जिंकले. २०२४ च्या नोव्हेंबरात ते शिंदे यांच्या शिवसेनेतून पालघरचे आमदार झाले. हात, कमळ, धनुष्यबाण, सगळे एकाच माणसाच्या छातीवर. त्याच्यामागे जाणाऱ्या मतदाराची निष्ठा कोणत्या पक्षाशी लिहायची?

लोकसभेच्या निकालावरून डोंगराचा कल सांगणे आणखी अवघड आहे. पालघर मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत: डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर ही चार राखीव, आणि नालासोपारा, वसई ही दोन खुली. वसई-विरारची वस्ती झपाट्याने फुगली. २००९ मध्ये बळीराम जाधव १२,३६० मतांनी जिंकले ते वसई पट्ट्यातल्या पक्षाच्या बळावर. खासदार आदिवासी, पण त्याला निवडणारे मोठ्या संख्येने लोकलच्या गर्दीतले. मोखाड्यातले टँकर आणि नालासोपाऱ्यातली गटारे एकाच जाहीरनाम्यात येतात आणि आवाज शहराचाच मोठा असतो. मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. ते पाणी मुंबईला जाते. धरणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा असतात.

त्यात स्थलांतर. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत असते. तेव्हा मतदार भट्टीवर असतो. त्याला गाडी पाठवून कोण आणतो, त्या दिवसाची मजुरी कोण भरून देतो, यावर त्याचे बोट शाईला लागेल की नाही हे ठरते. शहरातले लोक यालाच मत विकणे म्हणतात. एक दिवसाची खाडा मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे घेणे म्हणजे मत विकणे असेल, तर मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी घेणारे आपण काय करतो?

मतपेटीबाहेरचे राजकारण

या भागाचा राजकीय कल केवळ निकालांत शोधला, तर अर्धी गोष्ट हातून सुटते. सत्तरच्या दशकात पालघर-मनोर भागात काळूराम धोदडे यांची भूमीसेना उभी राहिली. दशकाच्या अखेरीस डहाणू-जव्हारमध्ये कष्टकरी संघटना. १९८२ पासून विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना, जिने वेठबिगार मुक्त केले. किसान सभा तर आधीपासूनच. जंगल जमिनीवरचे एकसाली प्लॉट, रोजगार हमीची थकलेली मजुरी, रेशन, दाखले, यांसाठी तहसील कचेरीवर जाणारा मोर्चा एका झेंड्याखाली निघतो. मोर्चेकऱ्यांचे मत दुसऱ्याच चिन्हाला पडू शकते. कार्यकर्ते याने खचतात. पण डोंगरातल्या माणसाचा हिशेब सरळ आहे: भांडायला एक साथीदार लागतो, कचेरीत काम करून घ्यायला दुसरा.

या हिशेबाला फळेही आली. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्यामागे देशभरच्या अशाच मोर्चांचा रेटा होता. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या लाँग मार्चमध्ये वनजमिनीचा दावा हीच मुख्य मागणी होती. त्या मार्चमधल्या रक्ताळलेल्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मुंबईत परीक्षा देणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते रात्रीतून चालले, हेही आठवते. दोन महिन्यांनी झालेल्या पोटनिवडणुकीत लाल बावट्याला पाऊण लाखाच्या आसपास मते पडली. मोर्चा वेगळा, मत वेगळे. तरी शेजारच्या डहाणूने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मार्क्सवादी विनोद निकोले यांना आमदार केले. ज्याने दाव्याचा कागद मिळवून दिला, त्याची आठवण तिथे टिकून आहे.

जगातही असे मुलूख आहेत. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एलियट नावाची डोंगराळ, ग्रामीण, जवळपास संपूर्ण गोऱ्यांची काउंटी आहे. १८६९ मध्ये ती अस्तित्वात आली आणि तिथपासून २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक पक्षालाच कौल दिला. ओबामांनाही दिला. २०१६ मध्ये मात्र ट्रम्प यांना भरघोस मते पडली. दीड शतकाच्या निष्ठेविषयी तिथल्या जाणकारांनी चिंतन केले, पुस्तके लिहिली गेली, तंबाखूची शेती आणि कामगार संघटना कशा मोडल्या याची चर्चा झाली. गोऱ्या शेतकऱ्याने मत बदलले तर त्याची कारणे शोधतात. वारल्याने बदलले तर त्याची किंमत विचारतात. आणि मुसलमानाने बदलले किंवा न बदलले, तरी त्याच्यावर संशय घेतात.

आपला यात काय संबंध?

जव्हारमध्ये राहणारा मुसलमान विक्रमगडच्या विधानसभेला किंवा पालघरच्या लोकसभेला उभा राहू शकत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीत तो सरपंच होऊ शकत नाही. नगरपरिषदेत काही जागा खुल्या असतात, तेवढेच त्याचे अंगण. देशातल्या अनुसूचित जातींसाठी राखीव ठेवलेल्या काही मतदारसंघांत मुसलमानांची संख्या मोठी असल्याची तक्रार सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवली होती, आणि ती रास्त आहे. पण जव्हार-मोखाड्याला ती लावता येणार नाही. जिथे दहातले नऊ आदिवासी आहेत, तिथली जागा आदिवासींचीच असायला हवी. दुसऱ्याचा न्याय्य हक्क हा आपल्यावरचा अन्याय नसतो, हे मोकळेपणाने म्हणणे आपल्यालाच शोभून दिसेल.

आणखी एक गोष्ट आपल्यातच फारशी ठाऊक नाही. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे; अनुसूचित जमातीचा नाही. खानदेशातले तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि आदिवासीही. रावेर, यावल, चोपड्याचा तडवी राखीव जागेवर उभा राहू शकतो. धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा, अशी मागणी करणारे मेळावे भरतात तेव्हा हा तडवीही निशाण्यावर असतो. म्हणजे आदिवासींचा प्रश्न आणि मुसलमानांचा प्रश्न कुठेतरी एकाच घरात राहतात.

१६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. चोर आल्याच्या अफवेने गाव पेटले होते. घटना घृणास्पदच. पण काही तासांत तिला धार्मिक रंग चढवला गेला आणि बोट मुसलमानांकडे वळले. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना जाहीर करावे लागले, की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. त्यानंतर बोट आदिवासींच्या राजकीय कलाकडे वळले: ते लाल आहेत, म्हणून हिंसक आहेत. ज्यांनी या भागाचा एकही निकाल कधी वाचला नव्हता, त्यांनी चार दिवसांत त्याचे निदान केले. गठ्ठा मतांची दंतकथा अशा वेळी जीवघेणी होते. गठ्ठा म्हटले की माणूस दिसेनासा होतो, आणि न दिसणाऱ्या माणसावर कोणताही आरोप चिकटतो.

तेव्हा आपण काय करावे? प्रत्येक निवडणुकीनंतर मतदान केंद्रनिहाय आकडे आयोगाकडे असतात. फॉर्म २० या नावाने ते सर्वांसाठी खुले असतात. आपल्या मोहल्ल्याच्या केंद्रावर १९९५ पासून कुणाला किती मते पडली, कोणत्या वर्षी ती का फिरली, त्या वर्षी नळाला पाणी होते का, शाळा सुरू होती का, दंगल झाली होती का, हे लिहून काढायला तरुणांना बसवावे. भिवंडी, मालेगाव, मिरज, औसा, अचलपूर, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे हे होऊ शकते. त्यातून एकगठ्ठा मत निघाले, तर ते का बांधले गेले हे समजेल. न निघाले, तर पुढच्या वेळी उत्तर द्यायला हातात कागद असेल. आणि असाच एक कागद शेजारच्या आदिवासी पाड्याचाही तयार करावा, त्यांच्याच पोरांना सोबत घेऊन.

शिरपामाळावर शिरपेच कुणी कुणाच्या डोक्यावर ठेवला, याची आठवण साडेतीनशे वर्षे टिकली, कारण ती राजांची होती. रयतेने मत कुणाला का दिले, याची आठवण पाच वर्षेही टिकत नाही. ती टिकवण्याचे काम दुसरे कुणी आपल्यासाठी करणार नाही.